पहिलं वलय

मोजणीबाईंनी चिमट्यानं खडा उचलला, काळ्या बशीतल्या तेलाच्या थेंबात अलगद सोडला आणि खुर्ची मागे सरकवून पाहुण्यांना जागा करून दिली. पाहुण्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. बराच वेळ ते हलले नाहीत. मग मान वर करून त्यांनी तीन बोटं दाखवली.

मोजणीबाईंनी चार दाखवली.

सकाळपासूनचा हा एकोणिसावा खडा होता. एकोणीसही वेळा दोघांत एका बोटाचा फरक पडला होता.

माशाच्या डोक्यात, कानाच्या जागी, मसुराच्या दाण्याएवढा एक पांढरा खडा असतो. झाडाच्या खोडासारखी त्याच्यावरही वर्षाला एक वलय चढतं. ती वलयं मोजायची आणि माशाचं वय सांगायचं, एवढंच मोजणीबाईंचं काम. अकरा वर्षं त्या हेच करत होत्या. समोरच्याशी बोलता बोलता त्या त्याच्या शर्टाची बटणं मोजतात असा प्रयोगशाळेत प्रवाद होता, आणि तो काही खोटा नव्हता. नाव तिथूनच पडलं होतं.

पाहुणे पलीकडच्या किनाऱ्यावरचे. त्यांच्या देशात तेही हेच काम करत, तीस वर्षांपासून. समुद्र एकच, त्यातला चंदेरी मासाही एकच. पण दोन्ही किनाऱ्यांवर त्याची नावं वेगळी आणि वयंही वेगळी. दोन्ही देशांची मिळून एक समिती होती. मासेमारी कधी बंद करायची, कधी उघडायची, जाळ्याचं भोक केवढं ठेवायचं हे ती दरवर्षी ठरवी. आणि दरवर्षी वयाच्या आकड्यावर गाडी अडे. आकडे फुगवल्याचा आरोप दोघंही एकमेकांवर सभ्य भाषेत करत. शेवटी यंदा कुणीतरी वैतागून म्हणालं, मोजणाऱ्या दोघांना एका टेबलाशी बसवा की. त्यांच्याकडचे वीस खडे, आपल्याकडचे वीस, दिवस चार.

मदतीला दुभाषी बाई होत्या. त्यांना सर्दी झाली होती आणि माशांचं काही कळत नव्हतं. पहिल्याच सकाळी त्यांनी कानातल्या खड्याचं भाषांतर ‘कानातला मळ’ असं केलं. पाहुण्यांनी गंभीरपणे सांगितलं, की तीस वर्षांत आपल्या कामाची इतकी नेमकी व्याख्या कुणी केली नव्हती.

विसाव्या खड्यालाही चार आणि तीनच झाले. मोजणीबाई डबा उघडून बसल्या तोच भावाचा फोन आला. त्याची स्वतःची बोट होती आणि बोटीवर नऊ माणसं होती.

“काय म्हणतोय तुमचा म्हातारा?”

“तीन.”

“आणि तू?”

“चार.”

“मग चारच धरून ठेव.”

“दादा, हा काय बाजारभाव आहे का घासाघीस करायला?”

“माझ्यासाठी तोच आहे बघ,” भाऊ म्हणाला आणि फोन ठेवला.

तो काही चुकीचं बोलला नव्हता. चंदेरी मासा तीन वर्षं पुरी झाली की पहिल्यांदा अंडी घालतो. हंगाम उघडल्यावर पहिले काही आठवडे जो माल जाळ्यात येई, तो या खड्यांच्या माशांहून वर्षानं लहान, म्हणजे मोजणीबाईंच्या हिशेबानं तीन पुरी केलेला होता. पाहुण्यांच्या हिशेबानं तो दोनच पुरी केलेला होता, म्हणजे एकदाही अंडी न घालता संपत होता. तसं असेल तर हंगाम सहा आठवडे उशिरा उघडावा लागणार होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खड्यांचे मोठे फोटो छापून घेतले आणि एकमेकांना न दाखवता प्रत्येक वलयावर पेन्सिलीनं ठिपका दिला. कागद शेजारी शेजारी ठेवल्यावर गंमत कळली. बाहेरचे सगळे ठिपके एकमेकांशी जुळत होते. फरक फक्त मध्याजवळच्या पहिल्या, बारीकशा वलयाचा होता. त्या ते धरत होत्या, पाहुणे सोडत होते.

“त्यांना विचारा, हे का सोडतात?” त्या दुभाषी बाईंना म्हणाल्या.

दुभाषी बाईंनी उत्तर ऐकून घेतलं. “म्हणतायत, त्यांना शिकवणाऱ्या सरांनी सांगितलं होतं, पहिलं सोडायचं.”

“का पण?”

“ते विचारायचं राहून गेलं म्हणे. सर वारले.” दुभाषी बाईंनी नाक पुसलं. “आणि ते विचारतायत, तुम्ही का धरता?”

मोजणीबाईंच्या आधी या खुर्चीवर बसणाऱ्या बाईंनी निवृत्त होताना त्यांना सगळं शिकवलं होतं: चिमटा कसा धरायचा, तेल किती घालायचं, इथून मोजायला सुरुवात करायची. इथूनच का, हे त्यांनीही कधी विचारलं नव्हतं.

“मलाही तसंच शिकवलं,” त्या म्हणाल्या.

हे ऐकून पाहुणे हसायला लागले. मोजणीबाईंनाही हसू आवरलं नाही. दुभाषी बाई दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिल्या.

दुपारी पाहुण्यांसकट त्यांच्या देशातून आलेल्या सगळ्या मंडळाला बंदर दाखवायला नेणार होते. मोजणीबाईंनी डोकं दुखण्याचं निमित्त केलं. दार लोटून त्यांनी कपाटातून बारीक घासकागद काढला.

खडा पारदर्शक राळेत चिकटवून पातळ घासत गेलं, तर मध्याजवळ आणखी बारीक रेषा दिसतात हे त्यांना ठाऊक होतं. माशाच्या पहिल्या काही महिन्यांत खड्यावर रोज एक रेषा चढते. खाल्लं, वाढलं, थांबलं, की झाला दिवस. पण हे काम कटकटीचं. कागद ओला करायचा, खडा बोटाच्या टोकानं चार वेळा फिरवायचा, धुवायचा, बघायचा, परत चार वेळा. एक फेरा जास्त झाला की मधला ठिपकाच नाहीसा. समितीला दिवसांशी काही कर्तव्य नव्हतं, तिला वर्षं हवी होती. त्यामुळे अकरा वर्षांत त्यांनी हे कधी करून बघितलं नव्हतं.

पहिला खडा फुकट गेला. दुसरा त्यांनी श्वास धरून घासला. मग सगळ्यात मोठं भिंग लावून मध्यापासून मोजायला लागल्या. रेषा इतक्या जवळजवळ होत्या, की पापणी लवली तरी जागा चुकावी. दर दहाला त्या कागदावर एक टिंब देत होत्या. पहिल्या वलयाशी पोचल्या तेव्हा चौदा टिंबं झाली होती आणि वर आठ.

एकशे अठ्ठेचाळीस.

त्यांनी परत मोजलं. एकशे सत्तेचाळीस. तिसऱ्यांदा पुन्हा एकशे अठ्ठेचाळीस.

त्या उठल्या आणि मोरीवर जाऊन हात धुतले. बोटांना लागलेली पांढरी पूड निघाली तरी धूत राहिल्या. समोरच्या फडताळात वार्षिक अहवालांच्या अकरा निळ्या फायली ओळीनं उभ्या होत्या. त्या त्यांनी आता मोजल्या नाहीत. पाच महिन्यांच्या खुणेला त्या वर्ष म्हणत आल्या होत्या. दरसाल, प्रत्येक माशाच्या बाबतीत.

खुर्चीवर येऊन बसल्यावर खरं तर पुढचं काही सुचू नये. पण त्यांचं लक्ष पाहुण्यांनी आणलेल्या खड्यांच्या डबीकडे गेलं. त्यांच्याकडच्या माशांचं काय? तिथंही तेवढेच दिवस असतील का? एकदा मनात आलं आणि मग त्यांना राहवेना. त्यांनी पलीकडच्या डबीतला एक खडा राळेत बसवला.

एकशे एकवीस.

हे कुठून आलं? त्यांनी आपल्या डबीतला दुसरा घेतला. एकशे एकोणीस. पलीकडचा आणखी एक. एकशे सेहेचाळीस. आता त्यांच्या कपाळाला आठ्या होत्या आणि चेहरा मात्र नवं कोडं मिळालेल्या मुलीसारखा झाला होता.

दार वाजलं. पाहुणे एकटेच परत आले होते. चेहरा पिवळट पडला होता. पोटावर हात फिरवून त्यांनी हातानंच लाट काढून दाखवली, म्हणजे बोट लागली होती. मग त्यांची नजर टेबलावरच्या ओल्या कागदावर, पांढऱ्या पुडीवर गेली आणि ते पोटाचं दुखणं विसरले.

मोजणीबाईंनी पहिला खडा लावून दिला आणि आपला आकडा लिहिलेला कागद उलटा ठेवला. पाहुणे मोजायला बसले. चहा करून आणला तरी ते मोजतच होते. चहावर साय धरली. अखेर त्यांनी पेन्सिल उचलून एका चिठोऱ्यावर आकडा लिहिला. १४८. मोजणीबाईंनी आपला कागद सुलटा केला.

दोन दिवसांत पहिल्यांदाच दोघांचा आकडा एक आला होता.

आता हा माणूस काय करील याची त्या वाट बघत होत्या. जिंकला होता तो. पण पाहुण्यांनी त्या कागदाकडे फारसं बघितलंही नाही. त्यांनी शेजारच्या काचपट्टीवर बोट ठेवलं, त्यावर लिहिलेला १२१ वाचला, आणि भुवया उंचावून मोजणीबाईंकडे बघितलं. मोजणीबाईंनी खांदे उडवले. माहीत नाही.

पाहुण्यांनी कोट काढून खुर्चीला लावला आणि बाह्या वर सारल्या.

तिसरा सबंध दिवस ते दोघं घासत आणि मोजत होते. दुभाषी बाईंना काही कामच उरलं नाही, त्या कोपऱ्यात वाफ घेत बसल्या. दुपारी चारपर्यंत चाळिसातले छत्तीस झाले. चार घासताना गेले, दोघांचे दोन-दोन. काचपट्ट्यांचे सरळ दोन ढीग पडले. एका ढिगातल्या माशांनी एकशे अठ्ठेचाळीसच्या आसपास काहीतरी सोसलं होतं, दुसऱ्यातल्यांनी एकशे वीसच्या आसपास. आणि दोन्ही ढिगांत दोन्ही देशांचे मासे मिसळलेले होते.

“मासा राहती जागा बदलतो तेव्हा अशी खूण उमटत असणार,” मोजणीबाई म्हणाल्या. “पाणी बदललं, खाणं बदललं. म्हणजे लहानपणी वाढायच्या जागा दोन आहेत. कुठल्या, ते विचारा यांना. काही अंदाज?”

दुभाषी बाईंनी विचारलं. पाहुण्यांनी दुसऱ्या ढिगातली एक काचपट्टी उजेडात धरली, बराच वेळ बघितली आणि न बोलता परत ठेवली.

“काय म्हणाले?”

“काहीच नाही,” दुभाषी बाई म्हणाल्या.

संध्याकाळी प्रयोगशाळेच्या संचालकांनी मोजणीबाईंना खोलीत बोलावून घेतलं. संचालक वाईट माणूस नव्हते. उद्या समितीपुढे आणि बोटमालकांपुढे त्यांनाच उभं राहायचं होतं.

“बाई, तुम्हाला खडे घासायला कुणी सांगितलं होतं?”

“कुणी नाही.”

“मग आपण असं करू. दोन पद्धती आहेत, दोन्हींना शास्त्रीय आधार आहे, अभ्यास सुरू आहे, असं लिहू. अकरा वर्षांचे अहवाल आहेत हो तुमच्या सहीचे.”

“आहेत ना. म्हणूनच म्हणते, मीच सांगते उद्या.” त्यांनी काचपट्टी त्यांच्या टेबलावर ठेवली. “एकशे अठ्ठेचाळीस दिवसांचं वर्ष कुठं असतं, साहेब?”

संचालकांनी काचपट्टी उचलली, डोळ्यांजवळ नेली. नुसत्या डोळ्यांना तिच्यात काही दिसण्यासारखं नव्हतं.

“तुमचा भाऊ येणार आहे ना उद्या?” त्यांनी हळूच विचारलं.

“येणार आहे.”

चौथ्या दिवशी सभागृहात लांबलचक टेबलाच्या एका अंगाला पलीकडचं मंडळ होतं, दुसऱ्या अंगाला आपलं, आणि मागच्या खुर्च्यांवर बोटमालक. मोजणीबाईंना उभं राहून बोलायची सवय नव्हती. त्यांनी पडद्यावर फोटो लावला आणि जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं. पहिलं वलय वर्षाचं नाही. माझं चुकत होतं. मासा आपण समजतो त्यापेक्षा एक वर्षानं लहान आहे.

मागं गलका झाला. “सहा आठवडे घरी बसायचं का?” “अकरा वर्षं झोपला होतात काय?” मोजणीबाई उभ्याच राहिल्या. मग भाऊ उठला आणि आवाज कमी झाला. सगळ्यांना नातं माहीत होतं.

“किती खडे बघितले?” त्यानं परक्या बाईला विचारावं तसं विचारलं.

“छत्तीस.”

“कुणाचे?”

“अर्धे आपले, अर्धे त्यांचे.”

“आणि सगळ्यांत हेच?”

“सगळ्यांत. फक्त दिवस दोन प्रकारचे निघाले. काहींत एकशे अठ्ठेचाळीस, काहींत एकशे वीस.”

भाऊ खाली बसला नाही. त्यानं अंगठ्यानं बोटांची पेरं मोजायला सुरुवात केली. मोजणीबाईंना एकदम बरं वाटलं. घरात ही खोड दोघांनाच होती.

“अंडी घालतात त्यानंतर पाच महिने,” तो म्हणाला. “म्हणजे वारा फिरतो तेव्हा. बरोबर आहे. तेव्हाच पिल्लं खाडीतून बाहेर पडतात.”

“कुठल्या खाडीतून?”

“आपल्याच. उत्तरेकडच्या. तोंडाशी पाणी नुसतं वळवळतं.”

“हे तू कधी सांगितलं नाहीस!”

“तू कधी विचारलंस?”

दुभाषी बाई भराभर भाषांतर करत होत्या. पाहुणे टेबलावरून पुढं झुकले होते. संचालकांनी नकाशा मधोमध पसरला आणि भावाकडे पेन्सिल धरली. मागच्या खुर्चीवरच्या माणसानं भावाची बाही ओढली. “अरे, वेडा झालास का? ती जागा दाखवलीस की ती पण बंद करतील. तुझीच जाळी तिथं सगळ्यात जास्त पडतात.”

भावानं बाही सोडवून घेतली. नकाशापाशी जाऊन त्यानं उत्तरेचा किनारा बोटानं शोधला.

“पूर्वी दोन-दोन दिवस पिल्लांनी पाणी काळं दिसायचं,” तो नकाशाकडे बघतच म्हणाला. “गेल्या खेपेला दुपारपर्यंत आटोपलं. मला वाटलं, मीच उशिरा गेलो.” आणि त्यानं खाडीच्या तोंडाशी लहानसं वर्तुळ काढलं.

भावानं पेन्सिल खाली ठेवली. ती घरंगळत टेबलाच्या पलीकडच्या अंगाला गेली आणि पाहुण्यांनी ती थांबवली.

मग त्यांनी ती उचलली. पलीकडच्या किनाऱ्यावर, जिथं त्यांच्या सगळ्या अहवालांत कोरी जागा सोडलेली असे, तिथं त्यांनी तेवढंच दुसरं वर्तुळ काढलं आणि आत १२० लिहिलं. त्यांच्या मंडळाच्या प्रमुखांची खुर्ची करकरली. ते पाहुण्यांच्या कानाशी वाकून भराभर काही बोलले. पाहुणे पेन्सिलीचं टोक बघत ऐकत राहिले आणि शेवटी एकच वाक्य बोलले.

“काय चाललंय?” संचालकांनी विचारलं.

दुभाषी बाईंना शिंक आली. रुमालाआडून त्या म्हणाल्या, “त्यांचे साहेब म्हणाले, तिथं नवा धक्का बांधायचं चाललंय, ते बोलायचं नव्हतं. हे मी तुम्हाला सांगू नये असंही म्हणाले.”

“आणि हे काय म्हणाले?”

“हे म्हणाले, समोरच्यांनी त्यांचं वर्तुळ अगोदर काढलंय.”

त्यानंतर दीड तास वाद झाला. पलीकडचे प्रमुख दोनदा बाहेर जाऊन फोनवर बोलून आले. धक्क्याचं काहीच ठरलं नाही. पण हंगाम सहा आठवडे उशिरा उघडायचं दोन्ही बाजूंनी मान्य झालं, आणि दोन्ही वर्तुळं इतिवृत्तात गेली: पिल्लं बाहेर पडायच्या सुमारास दोन्ही जागी जाळी बंद, दोन्ही जागी पिल्लांची मोजणी, आणि मोजणाऱ्यांनी एकमेकांचे खडे बघायचे. सही करायच्या आधी पाहुण्यांनी आपला चष्मा पुसला आणि मोजणीबाईंचाही मागून घेऊन पुसून दिला.

बाहेर पायऱ्यांवर भाऊ उभा होता. बाकीचे बोटमालक त्याच्याशी न बोलता निघून गेले होते. मोजणीबाई त्याच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

“दादा, नऊ माणसांचं काय करशील?”

“बघू.” तो रस्त्याकडे बघत होता. मग म्हणाला, “त्या खाडीत मोजायला कोण जाणार?”

“अजून ठरलं नाही. खात्याची बोट आहे.”

“ती? ती तोंडाशीच रुतेल. आत गाळ आहे, पाणी उतरायच्या आत शिरावं लागतं. वाट सारखी बदलते.”

“मग?”

भावानं खिशातून किल्ली काढली, दोन पायऱ्या उतरला आणि थांबला.

“पहाटे यायला सांग तुझ्या माणसांना,” तो म्हणाला. “आणि बूट घालून येऊ नका म्हणावं.”